रेवती शिवणाऱ्या दोघी

नंदे,

तुझ्या सोनलचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. एका टेम्पोवाल्याची सीट उसवून फोम बाहेर काढला होता आणि तो समोर स्टुलावर बसून ‘आजच पाहिजे ताई, उद्या भाडं आहे’ म्हणत होता. सोनल एवढंच म्हणाली, “मावशी, आई गेली.” मी म्हणाले, “बरं.” बरं काय, नंदे? पण तोंडातून तेच निघालं. फोन ठेवला आणि त्या माणसाची सीट शिवून दिली. हात आपले चालत होते. तो गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि मग रडले.

दशक्रियेला तुझ्या गावी आले. नेहमीसारखी भाषणं झाली. ज्यांनी तुला आयुष्यात पाहिलं नव्हतं तेही बोलले. एक पुढारी तुला ‘कष्टाळू माउली’ म्हणाले आणि तिथून ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर गेले, ते परत आलेच नाहीत. रेवतीचं नाव कोणी काढलं नाही. कोणाला माहीत असणार आता? मांडवात बसलेल्या पोरांना विचारलं असतं, रेवती कोण, तर म्हणाली असती, मयताची धाकटी मुलगी असेल.

म्हणून तुझ्याशीच बोलत बसले आहे. हे सगळं तुला माहीत आहे, पण इतकी वर्षं तुला माहीत असलेलंच तुला पुन्हा सांगून माझा दिवस गेला. एकदम कसा बंद करू?

तू मोटार कंपनीच्या शिलाई खात्यात आलीस तो दिवस आठवतो. पायात नव्या चपला होत्या, त्या चावत होत्या म्हणून तू मशीनखाली काढून ठेवल्यास. शेख मास्तरांनी तुला माझ्या शेजारच्या मशीनवर बसवलं. तुझ्या हातांवर कोपरापर्यंत बारीक पांढरे ओरखडे होते. मी विचारलं, “मांजर पाळलंय का गं घरात?”

“मांजर कशाचं? उसाचं पान लागतं त्ये. ल्हानपनापासून लागतंय.”

मी नगरच्या कापडबाजारात वाढलेली, शिंप्याची मुलगी. ऊस मी रसवंतीत पाहिलेला. तुझे आई-बाप दसरा झाला की बिऱ्हाड ट्रकवर चढवून कारखान्यावर जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. तूही त्यांच्या मागं उसाच्या फडात हिंडलेली. मामानं नगरला आणून शिवणकाम शिकवलं म्हणून तुझा कोयता सुटला. हे तू मला त्या पहिल्याच दुपारी, शेंगोळ्यांचा डबा माझ्यापुढं सरकवता सरकवता सांगितलंस. मी डब्यातलं अर्धं खाल्लं आणि तू डबा आणखी माझ्याकडं सरकवलास. तेव्हाच ओळखलं, हिच्याशी आपलं जमणार.

मास्तरांनी सीटचा लोखंडी सांगाडा तुझ्यापुढं ठेवला तेव्हा तू विचारलंस, “ह्याच्यावर मानूस कुनीकडं त्वांड करून बसतं?” सगळं खातं हसलं. तू कधी मोटारीत बसली नव्हतीस. तसं पाहिलं तर हसणाऱ्यांपैकी कोण बसलं होतं? मास्तर तेवढे एकदा, कोणाच्या तरी लग्नात. ते हसले नाहीत. त्यांनी तुला सांगाड्यावर बसवलं, एक हात पुढं धरायला लावला आणि म्हणाले, “हे स्टिअरिंग. तिकडे रस्ता. आता मांडीखाली काय टोचतंय ते सांग.” तू सांगितलंस. ते म्हणाले, “मग तिथं शिवण यायला नको. शिवण दिसली नाही पाहिजे आणि टोचली तर अजिबात नाही पाहिजे.”

आपली रेवती काही फार देखणी नव्हती. गोल दिवे, फुगीर टप आणि उंच चाकं, त्यामुळं ती साडीचा ओचा वर धरून ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखी दिसायची. पण नगरच्या एमआयडीसीत तयार झालेली मोटार! गावाला केवढं अप्रूप. पहिल्या गाड्या गेटमधून बाहेर पडल्या त्या दिवशी बायका ओवाळायला आल्या होत्या, आणि तू मला कोपरानं ढोसत म्हणत होतीस, “ती मोतिया रंगाची बघ, तिच्यातली मागची सीट माजी हाय.” तुला कसं कळलं, असं विचारल्यावर म्हणालीस, “आपलं लेकरू वळखाया येत न्हाई व्हय?” मला खात्री आहे, ती माझी होती. या एका गोष्टीवर आपण कायम भांडलो.

मग रेवती वाढत गेली. उंच असल्यामुळं ती शेताच्या वाटेनं बांधापर्यंत जायची, म्हणून बागाईतदारांनी घेतली. डॉक्टरांनी घेतली, वकिलांनी घेतली. लग्नसराईत नवरी रेवतीतून उतरली नाही तर सोयरे नाक मुरडायचे. शिर्डीला गेलो की देवळाच्या आधी आपण हॉटेलांपुढं लावलेल्या गाड्या बघत हिंडायचो. मुंबईच्या नंबराची रेवती दिसली की तू काचेला नाक लावून आत बघायचीस. आतून एकदा एका बाईनं दचकून काच वर केली. तू तिला बाहेरून ओरडून सांगितलंस, “न्हाई वो, चोर न्हाई आमी. सीट बघतोय!”

आणि ते घोडेगाव! तुझ्या भावाला बैल घ्यायचा होता म्हणून आपण दोघी बाजाराच्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो होतो. बैल राहिला बाजूला. एक व्यापारी आकाशी रेवती घेऊन आला होता आणि तिच्या मागच्या सीटवर शेळी बसली होती. एखादी मालकीण बसावी तशी बसली होती, बाहेर बघत. तू तरातरा गेलीस.

“काय वो दादा, शेळीला गाडीत बशिवता व्हय?”

तो म्हणाला, “माझी गाडी, माझी शेळी. तुम्हाला काय झालं?”

“सीट माजी हाय.”

“ओ बाई, गाडी माझ्या नावावर आहे!”

“आसंल की नावावर. शिवली मी.”

आणि तू दार उघडून, शेळीला बाजूला सारून, सीटची कड उलटी करून त्याला आतली शिवण दाखवायला लागलीस. माणसं जमली. तो व्यापारी आधी चिडला, मग हसत सुटला. शेळी उतरवली, आपल्याला चहा पाजला, तुझ्या हाताची शिवण दहा जणांना दाखवली. आपण वळल्यावर त्यानं शेळी परत आत घातली असणार. पण तू त्या दिवशी घरी येईपर्यंत राणीसारखी चालत होतीस.

तुझं लग्नही रेवतीनंच ठरवलं म्हणायचं. भाऊसाहेब पाथर्डी रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचे. त्यांच्या जीपची फाटकी सीट बघून तू भर प्रवासात त्यांना सुनावलंस, आणि पुढच्या आठवड्यात ते रेक्झिन घेऊन कंपनीच्या गेटवर हजर. मी तेव्हा चिडवलं, तू नाही नाही म्हणालीस, आणि उन्हाळ्यात पत्रिका घेऊन आलीस. लग्नाला कंपनीनं दोघांसाठी रेवती दिली होती. करंजी घाटात ती तापली आणि नवरदेवाला फेटा सांभाळत पाणी आणायला जावं लागलं. घाटात ती तापायचीच. रेवती घेणारा प्रत्येक जण डिकीत पाण्याचा कॅन ठेवायचा, आणि कोणी त्याबद्दल रागावल्याचं मला आठवत नाही. त्या वेळी गाडी म्हटलं की थोडं थांबणं आलंच, असं लोक धरून चालायचे.

ते धरून चालणं संपलं, तिथं आपलंही संपत आलं.

बाहेरच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या. थंड हवेच्या, न तापणाऱ्या, चावी फिरवली की सुरू होणाऱ्या. बँका दारात येऊन कर्ज द्यायला लागल्या. कंपनीच्या आवारात तयार गाड्या उभ्या राहायला लागल्या, त्यांच्या टपावर धूळ बसायची आणि कोणी तरी बोटानं त्यावर नावं काढायचं. आपल्याला आठवड्यातले काही दिवस कामच नसायचं. तरी आपण मशीनवर बसायचो. तू उरलेल्या रेक्झिनच्या पिशव्या शिवायचीस. अर्ध्या पाथर्डीकडं तुझ्या पिशव्या असतील.

मग ‘नवी रेवती’ येणार म्हणून बोलबाला झाला. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. तू मास्तरांना विचारलंस, नव्या गाडीची सीट कशी शिवायची. दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि त्यातून खोकी उतरली. खोक्यात सीटा होत्या, शिवून तयार, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. तू एक खोकं उघडून सीटवरून हात फिरवलास. मला वाटलं, तू काहीतरी खोट काढशील. तू म्हणालीस, “चांगली शिवलीया गं.” आणि मशीनवर येऊन बसलीस, तर मशीनवर काहीच नव्हतं.

नवी रेवती कोणी घेतली नाही. जुनी आवडणाऱ्यांना ती परकी वाटली आणि नवी हवी असणाऱ्यांना जुनी. वर्ष-दीड वर्षात गेटवर कागद लागला. आपण कामावर आलो तर गेट बंद, आत कुत्रं भुंकत होतं. शेख मास्तर डबा हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांना घरी जा म्हणून कोणी सांगावं, हेच कोणाला सुचेना.

त्यानंतरचं भांडण. नंदे, ते सांगायचं मी टाळलं असतं तर हे सगळं गोड झालं असतं. पण तुला गोड आवडत नव्हतंच.

युनियननं गेटसमोर मांडव टाकला. गेट उघडेपर्यंत उठायचं नाही, असं ठरलं. तू सगळ्यात पुढं जाऊन बसलीस. कंपनीनं निरोप पाठवला की सही करून जे मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा. आमच्या ह्यांच्या नोकरीचं तेव्हा काही खरं नव्हतं आणि माझ्या डोक्यात कुशनचं दुकान घोळत होतं. मी तुला विचारायला मांडवात आले. विचारायला कसली, ओढायला आले. म्हणाले, “चल, दोघी मिळून दुकान काढू. आपल्या हातात कला आहे.”

“आन् गेट?”

“गेट उघडणार नाही नंदे. रेवती कोणी घेत नाही.”

“तू आसं म्हनतीस म्हनून कोन घेत न्हाई. आपल्याच मानसांनी पाठ फिरिवली तर लोक काय घेतील?”

“भावनेवर कारखाना चालतो का?”

“मंग कशावर चालला इतकी वर्सं?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. तू त्याहून चढवलास. बाकीच्या बायका खाली मान घालून शेंगा सोलत होत्या. शेवटी तू म्हणालीस, “जा तू. तुला बाजारात दुकान हाय, बाप शिंपी हाय. मला मागं फिरायचं म्हनलं तर कोयता हाय.” मी निघाले. मागून हाक येईल असं वाटत होतं. तुलाही वाटत असेल की ही वळेल. दोघी सारख्याच अडेलतट्टू.

मी सही केली. रस्त्याकडेला एक गाळा घेतला. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, नाव काय टाकू? मी म्हणाले, रेवती कुशन. दुसरं काही सुचलंच नाही. ते तुझ्या कानावर गेलं आणि तू कोणाजवळ तरी म्हणालीस, ‘मेलेलीच्या अंगावरचं डागिनं काढून घातलं.’ ते बोलणं मला पोचवणारे लोकही होतेच. मला फार लागलं. त्यानंतर मी कुठल्याही लग्नाला गेले की आधी तू आली आहेस का ते बघायचे आणि दिसलीस तर दुसऱ्या पंगतीला बसायचे. तूही तेच करत होतीस, हे तूच पुढं सांगितलंस. सोनलच्या बारशालाही मी आले नाही. तू बोलावलंच नव्हतंस.

मांडव हळूहळू विरळ झाला. कोणी वॉचमन झालं, कोणी भाजी विकायला बसलं. गेट काही उघडलं नाही. शेवटी मांडववाल्यानंच येऊन बांबू नेले, असं कळलं.

आणि मग एका दुपारी तू दुकानात आलीस. तोंडावर घाम, काखेत सोनल, मागं एक रिक्षावाला ओढत आणलेला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. रिक्षाच्या सीटकडं बोट दाखवून म्हणालीस, “ही शिवन तुजी हाय का?”

मी पाहिलं. माझीच होती. घाईची होती.

“माळीवाड्यापासून बसलीया मी हिच्यावर. सगळा रस्ताभर मांडीला टोचलं. मास्तरांची लाज काढली तू!”

रिक्षावाला घाबरून म्हणाला, “ताई, मला काही टोचत नाही.”

“तू पुढं बसतुस, तुला काय टोचंल?”

मी म्हणाले, “इतकं कळतंय तर तूच शिव.” तू सोनलला माझ्या मांडीवर दिलंस, मशीनवर बसलीस आणि शिवण उसवायला सुरुवात केलीस. सोनल माझ्याकडं बघत होती, मी तुझ्याकडं. आपल्यात समेटाचं बोलणं झालं असेल तर ते एवढंच. रिक्षावाल्याला तू फुकट शिवून दिलंस, माझ्या दुकानात, माझ्या रेक्झिनचं.

त्या दिवसापासून तू कायमची आलीस. दुकानातली आपली वर्षं कंपनीतल्या वर्षांपेक्षा किती तरी जास्त भरली, पण बोलताना आपण ‘तेव्हा’ म्हणालो की ते कंपनीतलंच असायचं. रस्त्यावर रेवत्या कमी होत गेल्या. सुरुवातीला सीट बदलायला एखादी यायची, तेव्हा तू गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची द्यायचीस, चहा द्यायचीस, जणू माहेरचं माणूस आलंय. मग महिन्या-महिन्यांत एखादी दिसायला लागली, मग ती फक्त गॅरेजच्या मागं, चाकं काढलेली, आत कोंबड्या बसलेल्या.

अशीच एक तू विकत घेतलीस. मी डोक्याला हात लावला. “बंद पडलेल्या कंपनीची गाडी? पार्ट कुठून आणशील?”

“हिंडीन.”

“भाऊसाहेब काय म्हणाले?”

“म्हनलं, गाडी न्हाई ती, पानाचा डबा हाय. मी म्हनलं, आसू दे. डब्यात बसून मी माज्या आईला शिर्डीला न्हेनार हाय.”

भाऊसाहेबांनीच तुला चालवायला शिकवलं, गावाबाहेरच्या माळावर, आणि त्यात तुमचा संसार मोडता मोडता राहिला. सीटा आपण दोघींनी नव्यानं शिवल्या. तेच तपकिरी रेक्झिन शोधून आणलं, कडेचं पायपिंगही तसंच. शेख मास्तर तेव्हा थकले होते. त्यांना दुकानात आणून सीटवर बसवलं. ते डोळे मिटून थोडं हलले, आणि “ठीक” म्हणाले. मास्तरांचं ‘ठीक’ आपण कंपनीत किती वेळा ऐकलं असेल? मला तरी आठवत नाही.

आणि मग ती शिर्डी. तू चालवत होतीस, शेजारी मी, मागं तुझी आई एकटी. आई सबंध रस्ता पुढं वाकून बसली होती. टेका की मागं, असं मी सारखी म्हणत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “डोक्याला त्याल हाय गं बाई. पोरीनं शिवलंय, डाग पडंल.” तू आरशातून बघितलंस आणि गाडी एका खड्ड्यातून अशी नेलीस की आईंची पाठ आपोआप टेकली. मग त्या तशाच बसल्या. “आगं, ही तर मऊ हाय,” म्हणाल्या. तू इतकी जोरात हसलीस की समोरून येणारा मोटारसायकलवाला बिचकला.

राहुरीच्या पुढं रेवती तापली. तापणारच होती. रस्त्याच्या कडेला थांबलो, तू बॉनेट उघडून वाफ जायची वाट बघत उभी राहिलीस. दोन्ही बाजूंना ऊस होता. मला वाटलं, आई कंटाळतील. त्या खाली उतरल्या आणि बांधावर जाऊन उसाला हात लावून आल्या. “तोडाया आलाय,” म्हणाल्या. मग झाडाखाली बसून गाडीकडं बघत म्हणाल्या, “ही थांबती ती बरं हाय. आमचा ट्रक कंदी थांबत न्हवता. बाईमानसाला उतरायचं आसलं तरी न्हाई.”

तू कॅनमधलं पाणी ओतत होतीस. तुझा हात थांबला. मी तुझ्याकडं बघितलं नाही. तू पुन्हा ओतायला लागलीस, हळूहळू, आणि गाडी थंड झाल्यावरही तू लगेच निघाली नाहीस. आईंना बसू दिलंस. पुढं शिर्डीपर्यंत तू किती वेळा विनाकारण थांबलीस, मोजलं नाही मी. प्रत्येक वेळी विचारायचीस, “उतरायचं का गं आये?” आणि त्या बहुतेक वेळा म्हणायच्या, “न्हाई. पर थांबलीस ते बरं केलं.”

दर्शन कसं झालं ते मला आठवत नाही बघ. हे मात्र सगळं आठवतं.

आई गेल्यावर तू रेवती फार चालवली नाहीस. पार्ट मिळेनात, पुढं पुढं आरटीओतून कागदपत्रांनाही नकार यायला लागला. भंगारवाला आला त्या दिवशी मी म्हणाले, निदान मागचं नाव तरी काढून ठेव, पितळी अक्षरं आहेत. तू म्हणालीस, “मेलेल्या मानसाचा दात कुनी ठिवतं का घरात? जाऊ दी.” गाडी ओढून नेली तेव्हा तू आत भाकऱ्या थापत होतीस. बाहेर आली नाहीस. मी तुझ्यापेक्षा जास्त रडले, आणि तुला ते आवडलं नाही. “गाडी हुती गं,” तू म्हणालीस. “खायला बस.”

आता दुकानाच्या पाटीवरच तेवढं नाव उरलंय. गिऱ्हाइकं विचारतात, रेवती तुमची मुलगी का? सुरुवातीला मी सगळं सांगायचे. मग तू म्हणालीस, ‘व्हय म्हन आन् मोकळी हो.’ तेव्हापासून मी हो म्हणते.

तुझं दुखणं निघालं आणि तू दुकानात यायची थांबलीस. नगरच्या दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा मी दुपारचं दुकान बंद करून यायचे. तू बारीक झाली होतीस, पण जीभ तशीच. परिचारिकेला तू पलंगाची गादी कशी शिवायला पाहिजे ते सांगत होतीस. त्यातल्याच एका दुपारी, सोनल औषधं आणायला खाली गेली होती, तेव्हा तू एकदम म्हणालीस, “सुरेखा, खरं सांग. तुला कंदी तरी वाटलं का, गेट उघडंल?”

इतक्या वर्षांत आपण तो विषय काढला नव्हता. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तू अशी पडलेली. मी म्हणाले, “डॉक्टरांनी जास्त बोलू नको म्हटलंय तुला.” तू भिंतीकडं तोंड केलंस. “आता बी उत्तर न्हाई हिच्याकडं,” एवढं पुटपुटलीस आणि डोळे मिटलेस. नंतर आपण सोनलच्या नोकरीबद्दल बोललो, भाऊसाहेबांच्या गुडघ्याबद्दल बोललो. ते राहिलं ते राहिलंच.

उत्तर आहे, नंदे. द्यायला उशीर झाला.

गेट उघडेल असं मला एकदाही वाटलं नाही. ज्या दिवशी खोकी उतरली त्याच दिवशी मला कळलं होतं. तुलाही तेव्हाच कळलं असणार. तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. तरी तू बसलीस. का बसलीस ते मला तेव्हा कळलं नाही, आज कळतं असंही म्हणणार नाही. ज्या जागेनं तुझ्या हातातला कोयता काढून घेतला, तिच्या दारातून तुझा पाय निघत नसेल. माझ्या हातात कधी कोयता नव्हता, मी काय सांगू?

पण तुला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. तू मांडवात बसायचीस तेव्हा दुकानात जायला माझ्या घरापासून सरळ रस्ता होता. मी त्या रस्त्यानं जायचे नाही. आमच्या ह्यांना सांगायचे, स्कूटर एमआयडीसीकडून घ्या. ते म्हणायचे, उलटा फेरा पडतो. मी म्हणायचे, पडू द्या. तोंडाला स्कार्फ बांधून मागं बसायचे, आणि मांडवाजवळ आलं की ह्यांना म्हणायचे, जरा हळू. तू पुढच्या रांगेत दिसायचीस. कधी बोलत असायचीस, कधी कुणाच्या लेकराची वेणी घालत असायचीस. तू एकदाही वर पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तरी ओळखलं नसतंस. दिसलीस की मी दुकानात जाऊन मशीन पुसायचे. दोन मशीनी घेतल्या होत्या मी, पहिल्या दिवसापासून. दुसरीवर कापड टाकून ठेवलं होतं, आणि कोणी कामाला विचारत आलं तर मी म्हणायचे, जागा नाही.

तू गेट उघडायची वाट बघत होतीस, नंदे. मी तू उठून यायची वाट बघत होते.

गेट उघडलं नाही. तू मात्र आलीस.